मालतीबाई आल्या होत्या

ओवळभाटच्या शाळेत पुस्तकांची एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात छप्पन्न पुस्तकं होती आणि त्यांतलं एकच पुस्तक मुलांनी वाचून वाचून खिळखिळं केलं होतं. एका कुर्लीच्या म्हणजे खेकडीच्या बिऱ्हाडाची गोष्ट. गोष्ट तशी चार ओळींत संपणारी, पण चित्रं अशी की पोरं पानावर बोट फिरवून बांधाचा चिखल ओला लागतो का ते बघायची. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘चित्रे : मालती केंकरे, फोंडा’.

सहावीतल्या सोनालीने एक दिवस ते पुस्तक गोकुळदास मास्तरांच्या मेजावर आणून ठेवलं. ती दोडामार्गकडची. तिचा बाप गोपाळ खाणीवर मजुरीला होता आणि ही माणसं खाणीच्या कुशीला झावळ्यांच्या खोपटात राहायची. वर्गात फारसं न बोलणारी पोर.

“सर, ह्या कुर्लेक पाय नऊच आसत,” ती म्हणाली. “मी तीनदा मोजलंय.”

गोकुळदासने मोजले. नांग्या धरून नऊच होते. त्याला हसू आलं, आणि त्याच संध्याकाळी त्याने मालतीबाईंना पत्र टाकलं. आठवड्यात कार्ड आलं. शुद्ध मराठीत, वळणदार अक्षरात. “मुलीचं बरोबर आहे. दहावा पाय मी विसरले. माझ्या लक्षात ही चूक आजवर कुणी आणून दिली नव्हती. तिला माझा नमस्कार सांगा.” कार्डाच्या कोपऱ्यात एक चिमुकली कुर्ली होती, पाय मोजत बसलेली.

ते कार्ड वर्गात एकतीस जणांच्या हातांतून फिरलं. सोनालीकडे मुलं त्या दिवशी नव्याने बघायला लागली. गोकुळदासच्या डोक्यात तेव्हाच आलं, की या बाईंना शाळेत आणायचं. पुस्तकं करणारी माणसं खरोखरची असतात, फोंड्याला राहतात, चुकतात, हे पोरांना दिसू दे.

गोकुळदास गावस तेव्हा चौतीस वर्षांचा होता. अकरा वर्षं तो या शाळेत होता आणि जुने हेडमास्तर निवृत्त झाल्यापासून दीड वर्ष प्रभारी मुख्याध्यापक होता. शाळा गावच्या मंडळाची. मंडळाचे अध्यक्ष सगुणबाब. त्यांचे सहा ट्रक खनिज वाहायचे, शाळेची कौलं त्यांनी स्वतःच्या खिशातून घातली होती. गोकुळदासने बाईंना बोलावण्याची गोष्ट काढली तेव्हा सगुणबाबच जास्त खूश झाले.

“हाड, हाड तिका. घेऊन ये,” ते म्हणाले. “आमच्या गावात पुस्तकातलं माणूस आजपर्यंत आलं नाही. डिचोलीच्या स्टँडवर माझी जीप धाडतो.”

दिवस ठरला. शनिवार, बावीस नोव्हेंबर, सकाळी अकरा. बाईंनी उलट टपाली मुलांच्या नावांची यादी मागवली. कशाला ते लिहिलं नव्हतं. गोकुळदासने एकतीस नावं सुवाच्य अक्षरात लिहून पाठवली. इकडे मुलांनी वर्गाची जनेलं म्हणजे खिडक्या धुतल्या, सुतळीवर आपापली चित्रं टांगली. कुणी विचारायच्या प्रश्नांची वही केली. गोकुळदासची बायको सुमंगला बाईंना जेवायला वाढणार होती. तिने खतखत्याचा बेत नक्की केला आणि शेजारणीकडून चांगल्या पाच कपबश्या मागून ठेवल्या.

ते साल शहाऐंशीचं. राज्याची भाषा कोंकणी की मराठी यावरून गोवा पेटला होता. ओवळभाटमध्ये घरोघरी बोलणं कोंकणी आणि शाळा, आरत्या, नाटकं मराठी. दोन्ही चुलीवरच्या दोन भांड्यांसारखी इतकी वर्षं शेजारी शेजारी शिजत आलेली. आता मात्र माणसं एकमेकांना विचारायला लागली होती, तू कोणत्या बाजूचा? डिचोली तालुक्यात मराठीवाल्यांचा जोर होता आणि सगुणबाब त्यांच्या सभांना पुढच्या रांगेत कदेलींवर बसायचे.

गुरुवारी संध्याकाळी सगुणबाबांनी गोकुळदासला घरी बोलावलं. पुढ्यात वर्तमानपत्र उघडं होतं. कोंकणी राजभाषा व्हावी म्हणून काही लेखक-कलावंतांनी पत्रक काढलं होतं आणि खाली सह्या छापल्या होत्या. सगुणबाबांचं बोट अठराव्या नावावर होतं. मालती केंकरे, चित्रकार, फोंडा.

“ही तीच न्ही?”

“होय,” गोकुळदास म्हणाला.

“ही बाय आमच्या शाळेत नाका.”

गोकुळदास उभाच होता. त्याच्या मनात उत्तर तयार होतं. ते पुस्तक मराठीत आहे, कार्ड मराठीत आहे, आणि बाई येणार आहेत त्या मुलांशी कुर्लीबद्दल बोलायला. तो एवढंच म्हणाला, “पण परवाच यायच्या आहेत.”

“म्हणून तर सांगतां. तिका कळय. उद्यां गांव म्हाका कितें म्हणटलो?” सगुणबाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. आवाज चढला नव्हता. उठता उठता ते म्हणाले, “आणि हो, तुझी कायम ऑर्डर डिसेंबरच्या बैठकीत घेतां. खूप दिवस राहिली.”

दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं ते म्हणाले नाहीत. तो गोकुळदासने आपला आपण जोडला.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर तो सायकलने डिचोलीला गेला. पोस्टात तारेचा फॉर्म घेतला. पत्ता लिहिला. पुढे काय लिहायचं? ‘कार्यक्रम रद्द’ लिहिलं तर का म्हणून विचारतील. ‘शाळेत साथ’ लिहिलं तर खोटं. खिडकीतला कारकून दोनदा म्हणाला, “मास्तर, बंद करायची वेळ झाली.” गोकुळदासने फॉर्म घडी करून खिशात घातला. त्याने स्वतःला सांगितलं, तारेने कळवणं बरं दिसत नाही, उद्या स्टँडवर जाऊन बाईंना समक्ष सांगू, चहा देऊ, परतीच्या बसमध्ये बसवून देऊ. हे त्याला सभ्यपणाचंही वाटलं. घरी त्याने सुमंगलेला सांगितलं, “बाईंचं रद्द झालं.” तिने ‘का’ विचारलं, तर ‘त्यांना जमत नाही’ एवढंच म्हणाला. खोटं पहिल्यांदा निघालं ते असं, स्वयंपाकघरात, भात कालवताना.

दुसऱ्यांदा निघायला काही त्रास पडला नाही. शनिवारी सकाळी प्रार्थना झाल्यावर मुलं जागची हलेनात. सगळ्यांचे कपडे धुतलेले, मुलींच्या वेण्यांत अबोलीचे वळेसार. गोकुळदास म्हणाला, “मुलांनो, मालतीबाई आज येणार नाहीत. त्यांना दुसरं काम निघालं.”

कुणीतरी विचारलं, “मग कधी येणार?”

“ते त्यांनी कळवलेलं नाही.”

सोनालीने हातातली प्रश्नांची वही दप्तरात घातली. बस्स, एवढंच. मग त्याने मुलांना पाढे म्हणायला लावले आणि सव्वानऊला सायकल बाहेर काढली. फोंड्याची बस साखळीमार्गे साडेदहाला डिचोलीत पोचते, त्याच्याजवळ वेळ होता.

फाटकाशी बाई उभ्या होत्या.

त्या पहाटेच्या बसने निघाल्या होत्या. डिचोलीत लवकर उतरल्या, तर तिथे ओवळभाटच्या बाजूला जाणारा एक रिकामा ट्रक भेटला. ड्रायव्हर बाबली, सगुणबाबांचाच. शाळेत जायचंय म्हटल्यावर त्याने अदबीने पुढे बसवून तिठ्यापर्यंत आणून सोडलं. तिथून त्या अर्धा कोस चालत आल्या होत्या. पंचावन्न-छप्पन्नच्या, ठेंगण्या, पांढऱ्या सुती लुगड्याच्या काठापासून गुडघ्यापर्यंत खाणीची तांबडी धूळ चढलेली. काखेत कागदाची जाड गुंडाळी, हातात कापडी पिशवी. घाम पुसत त्या हसल्या.

“तुमीच न्ही गोकुळदास मास्तर? हांव मालती केंकरे. बेगीन पावलें.”

गोकुळदासने सायकल भिंतीला टेकवली. ती घसरून पडली. ती उचलायच्या निमित्ताने त्याला थोडा वेळ मिळाला. त्याने लाज झाकायला पुस्तकी मराठी पांघरली. “नमस्कार. आपण... खरं म्हणजे मी आपल्यालाच भेटायला निघालो होतो. आज शाळेला अचानक सुट्टी जाहीर झाली आहे.”

वर्गातून एकतीस गळ्यांचा आवाज येत होता. सतरा साते एकोणीसाशे. सतरा आठे छत्तीसाशे.

बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “हें कोण म्हणटा?”

गोकुळदास सायकलचं हँडल सरळ करत राहिला.

“सयेखातीर? पत्रकावरच्या?”

त्याने मान हलवली. “मंडळाचं म्हणणं आहे. मी फक्त नोकर.”

“हूं.” बाईंनी गुंडाळी या काखेतून त्या काखेत घेतली. रागावल्यासारख्या दिसल्या नाहीत. मुलांच्या आवाजाकडे मान करून त्यांनी विचारलं, “आनी भुरग्यांक कितें सांगलां?”

“की... आपल्याला जमत नाही.”

“म्हणजे येवंक ना तें हांव.”

गोकुळदासला पुढे आयुष्यभर वाटत राहिलं, की बाई त्या वेळी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे व्हरांड्याकडे बघत होत्या. तिथे तिपाईवर पाण्याचं मडकं होतं, बाहेरून ओलंगार, तोंडावर पितळी तांब्या.

“इल्लें उदक मेळटलें?” त्यांनी विचारलं.

फाटकापासून मडक्यापर्यंत वीस पावलं. मडक्याच्या मागेच वर्गाचं जनेल. तो तांब्या भरायला गेला असता तर मुलांनी त्याला पाहिलं असतं, मग कुणासाठी पाणी नेतात म्हणून फाटकाकडे पाहिलं असतं. आणि पलीकडे शिपाई विठू अंगण झाडत होता. त्याच्याकडून दुपारपर्यंत सगुणबाबांना कळलं असतं की मास्तरांनी बाईंची सरबराई केली. हे सगळं गोकुळदासच्या डोक्यात इतक्या झपाट्याने आलं, की तोंडातून शब्द गेल्यावरच ते त्याला ऐकू आले.

“मडकं रिकामं आहे.”

बाईंनी ओल्या मडक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“आसूं दी,” त्या म्हणाल्या. गुंडाळी त्यांनी त्याच्या हातात दिली. “ही भुरग्यांची.” आणि आल्या वाटेने चालू लागल्या. तिठ्यापर्यंत अर्धा कोस, उन्हं चढलेली, वरून एकामागून एक खनिजाचे भरलेले ट्रक. प्रत्येक ट्रक गेला की त्या बाजूच्या गटाराशी थांबून पदर नाकावर धरायच्या. वळणापर्यंत तो बघत राहिला. सायकल जवळ होती. बाईंना मागे बसवून सोडता आलं असतं, हे त्याच्या ध्यानात फार उशिरा आलं.

गुंडाळी त्याने घरी नेऊन स्वयंपाकघराच्या माळ्यावर टाकली. त्याआधी उघडून पाहिली होती. एकतीस जाड कागद. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एका मुलाचं नाव, आणि प्रत्येकावर अर्धं काढलेलं चित्र. कुणाला होडीचं नाक, कुणाला नुसतं माकडाचं शेपूट, कुणाला उघडं दार आणि आत काहीच नाही. बाकीचं त्या मुलाने काढायचं होतं. एकाही कागदावरचं चित्र दुसऱ्यासारखं नव्हतं. एकतीस नावं वाचून, एकेक मूल मनात आणून ती बाई किती दिवस बसली असेल!

शाळेत सुतळीवरची चित्रं आठवडाभर टांगलेली राहिली. मग मुलांनीच ती उतरवली. एकदा ट्रंक आवरताना कुर्लीचं पुस्तक गोकुळदासच्या हाताला लागलं. शेवटच्या पानावर मालती केंकरे या नावापुढे कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘फटकिरी’. खोटारडी. पुस्तकावर लिहिणाऱ्याला तो एरवी वर्गापुढे उभा करायचा. त्याने पुस्तक मिटलं आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवलं.

डिसेंबरात रस्त्यांवर झाडं पाडली गेली, बसेस बंद पडल्या, दूरच्या गावांतून माणसं गेल्याच्या बातम्या आल्या. तेही दिवस गेले. महिनाअखेर मंडळाची बैठक झाली आणि गोकुळदास कायम मुख्याध्यापक झाला. सुमंगलेने करंज्या केल्या. त्याने एकही उचलली नाही. पोट बरं नाही, म्हणाला.

मग सुमंगला करंज्यांचा डबा ठेवायला माळ्यावर चढली आणि गुंडाळी घेऊन खाली आली. एकेक कागद तिने जमिनीवर पसरला. तिला वाचता येत होतं. सगळी नावं ओळखीची होती.

“बाई आल्या होत्या?”

त्याने सगळं सांगितलं. सगुणबाबांचं बोलणं, तार, फाटक. बोलता बोलता त्याला थोडं हलकंही वाटायला लागलं होतं. मडक्यापाशी आला आणि अडखळला. तेही सांगितलं.

सुमंगला कागद गोळा करत होती. तिचे हात थांबले. “उदक दिलंत नाही?”

“अगं, विठू तिथेच...”

“उदकसुद्धा दिलंत नाही,” ती पुन्हा म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखी.  कागद तिने माळ्यावर परत ठेवले नाहीत. देवाच्या खोलीत, फडताळावर ठेवले. येता-जाता त्याला दिसतील असे.

जानेवारीच्या मध्याला गोपाळ शाळेत आला, सोनालीला घेऊन. इथल्या खाणीचं काम कमी झालं होतं. त्याला सांग्याच्या बाजूला काम मिळत होतं. “दाखलो व्हयो होतो, मास्तर. पोरगी थंय शाळेत घालतलंय.”

गोकुळदासने दाखल्याचं पुस्तक काढलं. नाव, जन्मतारीख, इयत्ता. खाली छापील रकाना होता, वर्तणूक. त्याने ‘चांगली’ लिहिलं आणि सहीसाठी पेन टेकवलं. कायम मुख्याध्यापक म्हणून त्याची ही पहिलीच दाखल्यावरची सही. सोनाली मेजाच्या पलीकडे उभी होती, छातीशी कुर्लीचं पुस्तक. ट्रंकेतून तिने ते कधी काढून नेलं होतं ते त्याला कळलंही नव्हतं.

“सर, ह्यां परत देवक हाडलंय,” ती म्हणाली. मग शेवटचं पान उघडून, खाली मान घालून, “आणि हय ता मी लिवलंय. माका रबरान पुसूक जमला नाय. चुकलंय.”

पेन्सिलीचा शब्द पुसटला होता, पण कागद घासून पातळ झाला होता. ती शिक्षेला उभी राहिली होती. गोकुळदासने पेन खाली ठेवलं.

“गोपाळ, तू जरा बस,” तो म्हणाला. “सोनाली, वर्गात चल.”

तो वर्गापुढे उभा राहिला. भाषण नव्हतं, विचार करून ठेवलेली वाक्यंही नव्हती.

“नोव्हेंबरात मालतीबाई आल्या होत्या,” तो म्हणाला. “तुम्ही पाढे म्हणत होता तेव्हा त्या फाटकाशी उभ्या होत्या. त्यांना आत येऊ दिलं नाही. ते मी केलं. आणि तुम्हाला सांगितलं की त्या येणार नाहीत. त्या खोटं बोलल्या नाहीत. मी बोललो.”

 मग मागच्या बाकावरून प्रज्योत, जो रोज काही ना काही थापा मारून पट्टी खायचा, तो उभा राहिला. “सर, तुमी फट मारली?”

“होय.”

“कित्याक?”

“भियेलों,” गोकुळदास म्हणाला. वर्गात तो कधी कोंकणीत बोलत नसे. या शब्दाला त्याला मराठी सुचलं नाही.

“कोणाक?”

 सगुणबाबांचं नाव जिभेवर होतं, आणि ते घेतलं असतं तर अर्धा भार उतरला असता. “म्हजी नोकरी वतली म्हण भियेलों.”

प्रज्योत अजून उभाच होता. चिडवायचं म्हणून नव्हे, खरोखर न कळल्यामुळे त्याने विचारलं, “मागीर तुमकां पट्टी कोण मारतलो?”

कुणी हसलं नाही. मुलं उत्तराची वाट बघत राहिली. शेवटी त्याने विठूला घरी पाठवून गुंडाळी मागवली आणि नावं पुकारून कागद वाटले. मुलं कागदांवर वाकली आणि हळूहळू कुजबुज सुरू झाली. सोनालीच्या कागदावर फक्त एक पाटी होती, कोरी, आणि ती धरलेले दोन हात. ती तिथेच, बापाला ताटकळत ठेवून, तासभर बसली. तिने पाटीवर काय काढलं ते त्याने पाहिलं नाही. कागद ती बरोबर घेऊन गेली. दाखल्यावर सही त्याने केली, पण मान वर न करता.

दोन दिवसांनी सगुणबाबांचं बोलावणं आलं. गोकुळदास राजीनाम्याचा कागद खिशात घालूनच गेला.

“तुवें भुरग्यांमुखार म्हजें नांव काडलें?”

“नाही. माझंच सांगितलं.”

“विठून सांगलें म्हाका.” सगुणबाबांनी पुढे विचारलं, “ती बाय म्हज्याच ट्रकांतल्यान आयिल्ली म्हणटा बाबली. खरें?”

“होय.”

“आनी तुवें तिका उदक दिलें ना?”

हे त्यांना सुमंगलेकडून कळलं होतं की कसं, कोण जाणे. गोकुळदास म्हणाला, “तुम्हाला कळलं असतं तर...”

सगुणबाब कदेलीवरून उठलेच. “शाळेंत नाका म्हण सांगलें हांवें! दारांत आयिल्ल्या बायल मनशाक उदक दिवं नाका म्हण सांगिल्लें? केन्ना सांगिल्लें? सांग म्हाका!”

 हे गोकुळदासने कधी त्या अंगाने पाहिलंच नव्हतं. दोन महिने तो मनात सगुणबाबांशी भांडत आला होता आणि त्या भांडणात त्याला थोडीफार ऊबही मिळायची. आता तीही गेली. बाईंना आत घेऊ नको असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. बाकीचं सगळं, तार न पाठवणं, मुलांना सांगितलेलं खोटं, रिकामं मडकं, त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. राजीनाम्याचा कागद खिशातच राहिला. तो काढण्याइतकीही आपली किंमत नाही असं त्याला वाटलं.

मुलांनी तीस कागद पुरे केले होते. पुढच्या रविवारी ते घेऊन तो फोंड्याला गेला. बाईंचं घर गल्लीच्या टोकाला, एका खोलीचं आणि पुढे लांबट पडवी. त्या पडवीत रंगाच्या बाटल्या धूत बसल्या होत्या. त्यांनी त्याला ओळखलं, बसायला सांगितलं.

त्याने वाटेत ठरवलेलं सगळं बोलून टाकलं. शेवटी म्हणाला, “मला क्षमा करा.”

बाईंनी ओले हात पुसले. त्या मराठीतच बोलल्या, त्याच्यासाठी. “आलात हे बरं केलंत. सहीचं म्हणाल तर मला काही वाटलं नाही. ते अध्यक्ष त्यांच्या बाजूला, मी माझ्या. उद्या भेटले तर भांडूही. पण मास्तर, त्या दिवशी घरी येऊन मी पाय धूत बसले, तांबडी धूळ जाईना, तेव्हा माझ्या मनात तुमचे अध्यक्ष नव्हते. ती पोरं होती. त्यांच्या लेखी मी येते म्हणून न आलेली बाई.” त्यांनी हात पुढे केला. “क्षमा म्हणजे नेमकं काय द्यायचं, मला ठाऊक नाही. आणा ते कागद.”

मग त्या त्याला विसरल्या. एकेक कागद उजेडाकडे धरून बघू लागल्या. प्रज्योतने माकडाच्या शेपटाला माकड न जोडता अख्खा ट्रक जोडला होता, त्यावर त्या मोठ्याने हसल्या. गोकुळदास पडवीच्या कडेला बसून होता. एकतिसावा कागद कुठे, त्यांनी विचारलं. त्याने सोनालीचं सांगितलं. “सांग्याला कुठे?” त्याने पत्ता विचारून ठेवला नव्हता. हेही त्यांना सांगावं लागलं. 

पुढे फेब्रुवारीत भाषेचा कायदा झाला, मे महिन्यात गोवा राज्य झालं. कुणी पेढे वाटले, कुणी दारं लावून घेतली. गोकुळदास सुट्टीत बाबलीच्या ओळखीने सांग्याच्या तीन खाणींवर हिंडला. तिसऱ्या ठिकाणी गोपाळ भेटला. सोनाली तिथल्या शाळेत सातवीत जाणार होती. तिचा पत्ता त्याने फोंड्याला कळवला. बाईंचं उत्तर त्याला आलं नाही. सोनालीला आलं, हे त्याला नंतर गोपाळच्या निरोपातून कळलं.

चतुर्थीनंतर, सप्टेंबरात, शाळेच्या नावाने एक कार्ड आलं. पत्ता होता ‘सातवीचा वर्ग’ असा. “शनिवारी येते. मालती केंकरे.” गोकुळदास ते घेऊन सगुणबाबांकडे गेला. त्यांनी कार्ड दूर धरून वाचलं आणि म्हणाले, “जीप व्हर. घेऊन ये तिका.” स्वतः मात्र शाळेकडे फिरकले नाहीत. त्या दिवशी त्यांना म्हापशाला काम निघालं.

बाई तीन तास वर्गात होत्या. खुर्ची ठेवली होती, त्या जमिनीवर बसल्या. मुलांशी कोंकणीत बोलल्या, वाचून मराठीत दाखवलं, आणि मुलांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. सुमंगलेने खतखतं वाढलं आणि बाईंनी दोनदा मागून घेतलं. गोकुळदासने स्वागताचं भाषण लिहिलं होतं. उभा राहिला, पहिली ओळ वाचली, ‘आज आपल्या शाळेच्या भाग्याचा दिवस’, आणि पुढचं वाचवेना. कागद खाली ठेवून तो बाकावर मुलांच्या शेजारी बसला. बाई त्याच्याशी नीट वागल्या. मास्तर म्हणाल्या, आभार मानले. फोंड्याला जे बोलल्या त्याचा एका शब्दाने उल्लेख केला नाही. त्या नीटपणाने त्याची मान वर झाली नाही. आणि ती होईल अशी आशाही त्याने आता सोडली होती.

जीप निघाली तेव्हा मुलं फाटकाबाहेर वळणापर्यंत धावत गेली. दमून परत आली. प्रज्योतने धापा टाकत विचारलं, “सर, बाई परत येतल्यो?”

‘येतल्यो तर’ असं गोकुळदासच्या अगदी ओठांवर आलं होतं. मुलं वर तोंडं करून बघत होती.

“म्हाका खबर ना,” तो म्हणाला. “पत्र घालून विचारतां. कितें लिहितात तें वर्गात वाचून दाखयतां.”